प्रोग्राम हळू चालतोय? प्रोफाइलिंगमधल्या या चुका टाळा

"ते लूप स्लो आहे, सी-मध्ये लिहून काढतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याला पुरतं बोलूही देत नाही. मोजलंस का? "मोजायचं काय, दिसतंयच की." दिसत काही नसतं, फक्त वाटत असतं. प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातो हे मोजणं म्हणजे प्रोफाइलिंग, आणि त्यातही चुका होतात.

यातली सगळ्यात महागडी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती आधी. रिपोर्ट काढणारा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम होता, चालायला साडेदहा मिनिटांच्या वर घ्यायचा. मी ‘पर्फ’ (लिनक्सवरचा प्रोफाइलर) लावलं. तारीख पार्स करणारं (मजकुरातून वाचून घेणारं) एक फंक्शन 62 टक्के खात होतं. चोर सापडला! तीन दिवस बसून ते नव्याने लिहिलं, आतली चालताना मेमरी मागून घेणारी सगळी अ‍ॅलोकेशन्स काढली. चालवून पाहिलं तर वीस सेकंद वाचले. तीन दिवसांत वीस सेकंद.

मग एका सीनियरने काही न बोलता जुना प्रोग्राम नुसत्या ‘टाइम’ कमांडने चालवून दाखवला. रिअल (घड्याळाचा वेळ) 10 मिनिटं 38 सेकंद, युजर (सीपीयूने प्रोग्रामच्या कोडवर घालवलेला) 38 सेकंद, सिस (ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामावरचा) नावापुरता. म्हणजे माझे 62 टक्के हे 38 सेकंदांतले, जेमतेम 24 सेकंद. ते फंक्शन अख्खं उडवलं असतं तरी कुणाला फरक कळला नसता. ‘पर्फ रेकॉर्ड’ काही वेगळं सांगितलं नाही तर सीपीयूवर धावणाऱ्या कोडचेच नमुने घेतं. वाट बघत झोपलेला प्रोग्राम त्याच्या हिशेबातच नसतो. आणि आमचा झोपला होता डेटाबेसच्या दारात. 20,000 ओळी, प्रत्येकीला वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा), दर खेपेला 30 मिलिसेकंद. करा गुणाकार. सगळं एका क्वेरीत आणल्यावर काम मिनिटाच्या आत आटोपलं.

तेव्हापासून प्रोफाइलरच्या आधी ‘टाइम’. रिअल आणि युजर-सिसची बेरीज जवळपास असेल तर खुशाल सीपीयू प्रोफाइल करा. (अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा, असतील तर बेरीज रिअलच्याही वर जाते, घाबरू नका.) रिअल फारच मोठा असेल तर मी सरळ जीडीबी हा डीबगर जोडतो, प्रोग्राम मध्येच थांबवतो आणि बॅकट्रेस (त्या क्षणी कुणी कुणाला बोलावलंय ती फंक्शन्सची साखळी) बघतो. असं पाच वेळा. चार वेळा एकाच ठिकाणी उभा सापडला की शोध संपला. गावठी पद्धत आहे, पण दोन मिनिटांत होते.

पायथनवाल्यांची लाडकी चूक: ‘सीप्रोफाइल’ या पायथनच्या प्रोफाइलरचा तक्ता ‘क्युमटाइम’ने (आत बोलावलेल्या फंक्शन्ससकट एकूण वेळाने) लावायचा आणि ‘मेन (सुरुवातीचं फंक्शन) स्लो आहे’ असं जाहीर करायचं. अरे, सगळे त्याच्याच पोटात चालतात, तो वर येणारच! फंक्शनचा स्वतःचा वेळ ‘टॉटटाइम’मध्ये असतो. शिवाय हा प्रोफाइलर पायथनच्या प्रत्येक फंक्शन कॉलमागे स्वतःचा भार घालतो, सी-मध्ये लिहिलेल्या फंक्शनच्या आतल्या कामावर मात्र नाही. त्यामुळे लाखो वेळा बोलावलेलं चिमुकलं फंक्शन उगाच आरोपी ठरतं. शंका आली की मी ‘पाय-स्पाय’ने पुन्हा बघतो, ते बाहेरून नमुने घेतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठी, वेग न वाढवता कंपाइल केलेला प्रोग्राम) मोजू नका. ‘ओ-टू’ (कंपायलरला वेग वाढवायला सांगणारा पर्याय) लावल्यावर चित्रच पालटतं. फ्लेम ग्राफमध्ये (कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला ते पट्ट्यांनी दाखवणारं चित्र) ‘अननोन’चे मनोरे दिसत असतील तर फ्रेम पॉइंटर (कुणी कुणाला बोलावलं ते शोधायला लागणारी खूण) राखून पुन्हा कंपाइल करा. दहा ओळींच्या चाचणी डेटावर काढलेलं प्रोफाइल फेकून द्या. जावासारख्या जेआयटी (चालता चालता कोड कंपाइल करणाऱ्या) भाषांत पहिल्या काही फेऱ्या धरू नका. एकाच रनवर विश्वास नको, मी पाच घेतो. सेकंदाला नेमके 100 नमुने घेऊ नका, 99 घ्या. नाहीतर ठरावीक लयीत चालणाऱ्या कामाशी ताल जुळतो आणि तेच ते दिसत राहतं.

आणि लूपच्या आत वेळ प्रिंट करून मोजणाऱ्यांनो, मग यादीत पहिला नंबर त्या प्रिंटचाच लागतो.