बेटावरच्या गजबजलेल्या बंदरात क्रूझवरून उतरायचं कसं: धक्का की टेंडर?

क्रूझच्या कार्यक्रमात ग्रीसमधल्या बेटाचं नाव, "सँटोरिनी, सकाळी 7 ते संध्याकाळी 6" असं छापलेलं असतं आणि आपण खुशाल धरून चालतो की चला, अकरा तास फिरायला मिळाले. नाही मिळत हो. जहाज थेट धक्क्याला लागणार की लांब पाण्यात थांबून छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर सोडणार, यावर सगळं गणित ठरतं. त्या छोट्या बोटी म्हणजे टेंडर. टेंडरवालं बंदर असेल तर जाता-येता मिळून दोन तास तरी आधीच वजा करून टाका आणि मग काय बघायचं ते ठरवा.

कुठे काय आहे हे आधी कळतं. बुकिंगच्या कागदावर बंदराच्या नावापुढे बहुतेक वेळा डॉक (म्हणजे धक्का) किंवा टेंडर लिहिलेलं असतं, नसेल तर विचारून घ्या. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर जॉर्ज टाऊनला मोठ्या क्रूझसाठी धक्काच नाही, तिथे सगळे टेंडरने उतरतात, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये तिथल्या लोकांनी सार्वमतात क्रूझचा धक्का नकोच म्हणून सांगितलंय, त्यामुळे इतक्यात काही बदलेल असं वाटत नाही. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला उलट तीन-तीन पियर, म्हणजे समुद्रात आत गेलेले धक्के, आहेत, पण त्यातला पुंता लांगोस्ता गावाच्या मधोमध आणि बाकीचे दोन दक्षिणेला काही किलोमीटरवर, म्हणजे "डॉक" एवढं वाचून भागत नाही, कुठला पियर ते पण बघायचं, नाहीतर टॅक्सी ठरलेली.

अजून एक काम करा, त्या दिवशी बंदरात अजून किती जहाजं आहेत ते शोधा. बहुतेक बंदरांची वेळापत्रकं ऑनलाइन मिळतात. धक्क्यावरची जागा कंपन्या खूप आधीपासून राखून ठेवतात, जागा संपली की उरलेलं जहाज बाहेर थांबतं आणि त्याचे लोक टेंडरने येतात. ग्रीसच्या मिकोनोस बेटावर असं होतं, पण तिथे खरं तर टेंडरवाले जास्त नशीबवान, कारण टेंडर जुन्या बंदरात थेट गावाच्या तोंडाशी सोडतो आणि धक्क्याला लागलेल्या जहाजाचे लोक तूरलोसच्या नव्या बंदरावरून बस नाहीतर बोट पकडून गावात येतात!

धक्क्याला लागणार असाल तर एकदा तरी लवकर उठून वरच्या डेकवर जाऊन बघाच. आधी एक छोटी बोट येऊन जहाजाला चिकटते आणि पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, चालत्या जहाजावर दोराच्या शिडीने किंवा बाजूच्या दारातून चढतो. हा तिथलं पाणी, खडक, प्रवाह कोळून प्यायलेला माणूस, पण हुकूम शेवटी कप्तानाचाच. मग कप्तान ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, बाजूला बाहेर आलेल्या टोकावर उभा राहतो, तिथून खाली धक्का सरळ दिसतो, आणि नाकाकडचे आडवे पंखे आणि मागचे फिरणारे प्रॉपेलर वापरून एवढं मोठं धूड अक्षरशः आडवं सरकवत आणतो. मग खलाशी टोकाला वजन बांधलेला बारीक दोर धक्क्यावर भिरकावतो, खालचे लोक तो ओढतात, त्यामागून जाडजूड दोर येतो आणि त्याचा फास खुंट्यात अडकतो. काही दोर पुढे-मागे लांब जातात, काही उलट्या तिरक्या दिशेने, त्यामुळे जहाज धक्क्याला लागून पुढे-मागे घसरत नाही.

दोर बांधले म्हणजे लगेच उतरता येतं असं नाही. बंदरातले अधिकारी कागदपत्रं बघून मोकळीक देतात तोवर थांबायचं. उगाच जिन्यात गर्दी करू नका, घोषणा होते आणि कुठल्या डेकवरून गँगवे, म्हणजे उतरायचा जिना, लागलाय ते पण सांगतात, आणि भरती-ओहोटीमुळे तो डेक दुपारी बदललेला असू शकतो. जाताना जहाजाचं कार्ड आणि फोटोवालं ओळखपत्र जवळ ठेवा.

आता टेंडर, कारण खरा गोंधळ इथेच. काही ठिकाणी जहाजाच्या स्वतःच्याच लाइफबोटी टेंडर म्हणून वापरतात, काही ठिकाणी स्थानिक बोटवाले येतात, सँटोरिनी आणि ग्रँड केमनला स्थानिकच. जहाज दरवेळी नांगर टाकतंच असंही नाही. सँटोरिनीच्या ज्वालामुखीच्या विवरात पाणी बऱ्याच ठिकाणी 300 मीटरहून खोल आहे, तिथे नांगर पोचणार कुठे, त्यामुळे जहाजं पाण्यात बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयाला बांधतात नाहीतर इंजिनं चालू ठेवून जागच्या जागी तरंगत राहतात.

उतरण्याचा क्रम असा की कंपनीची सहल घेतलेले आधी, मोठ्या महागड्या खोल्यांवाले (स्वीट) आणि जुने मेंबर पण आधी, बाकीच्यांना नंबराची तिकिटं. तिकीट कुठे आणि किती वाजल्यापासून मिळणार हे आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा अॅपवर असतं. सगळा ग्रुप एकत्र आल्याशिवाय बरेचदा तिकिटं देत नाहीत, त्यामुळे एकजण अजून आंघोळीला असेल तर सगळेच लटकले. लवकर जायचं असेल तर पहिल्या तासात तिकीट घ्या, नाहीतर सरळ आरामात नाश्ता करा, गर्दी ओसरली की तिकिटाशिवाय सोडतात. मधल्या वेळेला जाणाऱ्यांचे मात्र हाल.

बोटीत पाय टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते, दोन खलाशी दोन्ही बाजूंनी तुमचा कोपराखालचा हात धरतात आणि बोट दारापाशी सपाटीला आली की "आता" म्हणतात, तेव्हाच पाऊल टाका, आधी नाही. फोन खिशात. गुडघ्याचा त्रास किंवा व्हीलचेअर असेल तर आदल्या दिवशीच रिसेप्शनवर विचारा, लाट जास्त असेल तर व्हीलचेअरला नाही म्हणतात आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

सँटोरिनीला तर टेंडरमधून उतरलात तरी काम संपत नाही. जुनं बंदर कड्याच्या पायथ्याशी, फिरा गाव वर. केबल कार, गाढवं किंवा जवळजवळ 600 पायऱ्या. पायऱ्यांवर गाढवांची लीद असते आणि उन्हात त्या गाढवांवर बसणं मला तरी पटत नाही. कंपनीच्या सहलीवाल्यांना बरेचदा आथिनिओस बंदरात उतरवून बसने वर नेतात. परतीची केबल कारची रांग हा खरा फास आहे. तिथे आता दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे, पण ते सगळे एकाच वेळी खाली यायला निघाले की रांग गल्लीत शिरते, म्हणून शेवटच्या टेंडरच्या दोन तास आधी रांगेत लागा.

शेवटचा टेंडर किती वाजता ते महत्त्वाचं, जहाज सुटायची वेळ विसरा. आणि घड्याळ जहाजाचं बघा, फोनचं नाही! उन्हाळ्यात मायामीहून निघालेलं जहाज मायामीचीच वेळ पाळत असेल तर कोझुमेल आणि ग्रँड केमनला फोन आपोआप एक तास मागे जातो, फोनवर तीन वाजलेत म्हणून तुम्ही निवांत आणि जहाजावर चार वाजलेले.

वारा किंवा लाटा जास्त असतील तर कप्तान बंदरच रद्द करतो. ग्रँड केमनला कधीकधी दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स नावाच्या ठिकाणी उतरवतात, पण सगळीकडे अशी दुसरी सोय नसते. रद्द झालं तर कंपनीच्या सहलीचे पैसे परत मिळतात, बाहेरून बुक केलेलं असेल तर त्यांची अट वाचलेली बरी, आणि टेंडरच्या बंदरात पैसे आधी न घेणारा किंवा जहाज न आल्यास परत देणाराच गाठा.

कंपनीची सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं, तुम्ही स्वतः फिरत असाल तर नाही थांबत. त्या रोजच्या कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, उतरायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, आणि बोट चुकलीच तर आधी त्यालाच फोन लावा.