आरपीव्हीआयची तयारी करताय? या चुका टाळा

अमेरिकेत व्हॅस्क्युलर सर्जरीच्या बोर्डाची परीक्षा द्यायची तर आधी आरपीव्हीआय हवं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट वाचण्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. तिथे फेलोशिप करणारे आपले डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत. बहुतेक जण कॅरोटिडचा (मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचा) २००३ चा तक्ता भिंतीवर चिकटवतात: पीएसव्ही (रक्ताचा सर्वाधिक वेग, सेंमी प्रति सेकंद) १२५ च्या आत असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी, १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९, २३० च्या वर ७० किंवा जास्त. तक्ता पाठ झाला की तयारी झाली, असा समज.

पण तो आकडा आला कुठून? वेग काढायच्या डॉपलरच्या सूत्रात ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांच्यातल्या कोनाचा कोसाइन छेदात बसतो. खरा कोन ३० अंश असताना कोन ठरवणारा कर्सर ३५ वर ठेवला, तर वेग जेमतेम ६ टक्के फुगतो. खरा कोन ६० असताना ६५ ठेवला, तर १८ टक्के. म्हणजे ११० चा वेग १३० दिसतो आणि धडधाकट रुग्ण ५० ते ६९ च्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून चित्र समोर आलं की आधी आकडा तळहाताने झाकायचा. कर्सर भिंतीला समांतर आहे का, कोन ६० किंवा कमी आहे का, सॅम्पल व्हॉल्यूम (वेग मोजायची जागा) कुठे आहे, एलियासिंग (वेग मर्यादेबाहेर गेल्याने आलेख उलटा दिसणं) तर नाही ना, हे बघून मगच हात काढायचा. वेळखाऊ वाटतं? पहिल्या शंभर केसेसपुरतंच.

दुसरी चूक एबीआयची (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा), आणि इथे भागाकार येणारेही आपटतात. ही केस घ्या. उजव्या दंडाचा दाब १५०, डाव्याचा ११०. डाव्या घोट्याच्या दोन धमन्यांपैकी डॉर्सालिस पेडिस १०४, पोस्टीरियर टिबियल ९६. उतावळा उमेदवार डावीकडचं डावीकडे भागतो: १०४ भागिले ११०, म्हणजे ०.९५, सीमेवरचा, सोडून द्या. साफ चूक. भागायचं दोन्ही दंडांतल्या जास्त दाबाने: १०४ भागिले १५०, म्हणजे ०.६९. पायाचा आजार तर हुकलाच, शिवाय दोन दंडांतला ४० चा फरक डाव्या सबक्लेव्हियनकडे (हाताला रक्त नेणाऱ्या धमनीकडे) बोट दाखवत होता, तोही निसटला. अशा वेळी लगेच डाव्या व्हर्टिब्रलमधल्या (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतल्या) प्रवाहाची दिशा बघावी. उलटा प्रवाह असेल तर 'स्टील', म्हणजे हात मेंदूकडचं रक्त पळवतोय. आणि एबीआय १.४० च्या वर गेला तर खूश होऊ नका, धमनी दबतच नाहीये. पायाच्या अंगठ्याचा दाब घ्या.

बाकीच्या किरकोळ, पण मार्क खाणाऱ्या:

एका बाजूची इंटर्नल कॅरोटिड बंद असेल, तर दुसरीकडचा वेग भरपाईपोटी वाढतो. प्लाक (धमनीच्या भिंतीवरचा थर) न बघता अरुंदपणा ठरवू नका.

'सुपरफिशियल फेमोरल व्हेन' हे जुनं नाव फसवं आहे. ती खोल शीर. तिच्यातली गुठळी म्हणजे डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी).

रिफ्लक्सची (शिरेत रक्त उलटं वाहण्याची) मर्यादा सगळीकडे सारखी नाही: वरवरच्या सॅफेनसला अर्धा सेकंद, खोल फेमोरल-पॉप्लिटियलला एक.

रीनल-एऑर्टिक गुणोत्तर (मूत्रपिंडाच्या धमनीतला वेग भागिले एऑर्टा या महाधमनीतला) ३.५ पाठ असतं, पण एऑर्टाचाच वेग ४० च्या खाली किंवा १०० च्या वर असेल तर ते वापरू नये, हे कुणाला आठवत नाही.

एसएमएचा (आतड्याला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीचा) २७५ च्या वेगाचा निकष उपाशीपोटीचा आहे. जेवणानंतर प्रवाहाचा नूरच बदलतो.

आणि पात्रतेच्या ५०० केसेसची नोंद त्या त्या दिवशीच करा. शेवटच्या महिन्यात जुने रिपोर्ट उपसून यादी भरता येते. वाचायची सवय मात्र त्यातून लागत नाही.