केळकर म्युझियममध्ये फोटो काढताना काच कशी चुकवायची

पुण्यात केळकर म्युझियमला जाणार असाल आणि फोटोला परवानगी आहे का हे तिकिटाच्या खिडकीवर विचारून झालं असेल तर एक सांगतो, पांढरा शर्ट घालून जाऊ नका. मी गेलो होतो. घरी येऊन बघतो तर अडकित्त्यांच्या निम्म्या फोटोंत अडकित्ता कमी आणि मीच जास्त, पोटावर मोबाईल धरलेला. काचेत उजळ कपडे दिसतातच, म्हणून गडद रंग घाला, फ्लॅश बंद ठेवा आणि जिथे चालेल तिथे लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या म्हणजे मागच्या ट्यूबलाईटचं प्रतिबिंब येतच नाही. ते जमत नसेल तर जरा तिरकं उभं राहा. पोलरायझर, म्हणजे काचेवरची चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, लावणाऱ्यांनी पण तिरकंच, कारण समोरून काढलात तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे आधी पाटीचा फोटो, मग वस्तूचा. माझ्याकडे पितळेचे बारा दिवे आहेत आणि कुठला कुठला काही पत्ता नाही!

मस्तानी महालात मात्र घाई करू नका, कोथरूडहून आणून तो इथे परत उभा केलाय, तिथे मी आख्खी खोली एका फ्रेममध्ये कोंबायला गेलो आणि सगळंच बारीक दिसतंय. त्यातल्या त्यात एका खांबाच्या नक्षीचा जवळून काढलेला फोटो बरा आलाय, तोच डीपीला ठेवलाय.