बेटांच्या देशांना हवामान निधी थेट मिळवून देण्याच्या कामात उतरताना

या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की प्रस्ताव चांगला लिहिता आला की पैसे मिळतात. प्रस्ताव लिहावा लागतोच, पण त्याची पाळी फार उशिरा येते. त्याआधीचं मोठं काम अर्थ मंत्रालयाच्या लेखा शाखेत, खरेदीच्या फायलींत आणि अंतर्गत लेखापरीक्षकाच्या टेबलावर चालतं. म्हणून हवामानशास्त्राची पदवी नसलेल्या सीए, वकील, स्थापत्य अभियंता किंवा भूजलतज्ज्ञालाही इथे भरपूर काम आहे. लेखापरीक्षणाचा अनुभव असलेला माणूस तर पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो.

आधी व्यवस्था समजून घ्या. ग्रीन क्लायमेट फंड, म्हणजे हवामान बदलाशी झुंजणाऱ्या विकसनशील देशांना पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी, 2010 साली मेक्सिकोतल्या कानकूनच्या हवामान परिषदेत ठरला आणि त्याचं मुख्यालय दक्षिण कोरियात, इंचॉनच्या सोंगडो भागात आहे. तो मान्यताप्राप्त संस्थेमार्फत पैसे देतो, सरकारच्या तिजोरीत नुसती रक्कम टाकत नाही. ही संस्था आंतरराष्ट्रीय असू शकते, म्हणजे यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम), जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँक यांच्यासारखी. नाहीतर ती त्या देशाची किंवा त्या प्रदेशाची स्वतःची असते. दुसऱ्या मार्गाला डायरेक्ट अॅक्सेस म्हणतात.

पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या बेटदेशाचा किनारा संरक्षण प्रकल्प 2016 साली मंजूर झाला. त्यात फंडाचे 3 कोटी 60 लाख डॉलर होते आणि ते यूएनडीपीमार्फत आले. आपल्याकडे सिंधुदुर्गासह आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी 2018 साली मंजूर झालेले 4 कोटी 34 लाख डॉलरही यूएनडीपीमार्फतच आले. या मार्गात वाईट काही नाही. काम होतं, दर्जाही राखला जातो. पण आराखड्यावरचा शेवटचा शब्द, देखरेखीची पद्धत आणि हिशेबाचा अनुभव एजन्सीकडे राहतो, आणि पुढच्या प्रकल्पाला देश पुन्हा तिच्याच दारात उभा असतो. भारताकडे नाबार्डसारखी, मुंबईत मुख्यालय असलेली आणि 2015 सालीच या फंडाची मान्यता मिळवलेली संस्था आहे. पंधरा हजार वस्तीच्या देशाने अशी संस्था कुठून आणायची, हा या कामातला मूळ प्रश्न आहे.

संस्था कोणती निवडायची

इथे घाई केली तर पुढची दोन-तीन वर्षं वाया जातात. वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरं शोधली आहेत. कुक आयलंड्सने अर्थ व आर्थिक व्यवस्थापन मंत्रालय पुढे केलं. अँटिग्वा आणि बार्बुडाने पर्यावरण विभाग निवडला. फिजीने विकास बँक पुढे आणली, आणि मायक्रोनेशियात पोनपेई बेटावरच्या संवर्धन ट्रस्टने ही जबाबदारी घेतली.

अगदी लहान देशात आमचा कल अर्थ मंत्रालयाकडे असतो. देयकं, खरेदीचे नियम आणि लेखापरीक्षण यांची घडी तिथे आधीच बसलेली असते, त्यामुळे नव्याने उभं करावं लागतं ते थोडं. पर्यावरण विभागाकडे विषयाचं ज्ञान असतं, पण तिथे पहिला प्रश्न कायद्याचा येतो. या विभागाला स्वतःच्या नावाने करार करता येतो का? स्वतंत्र खात्यात पैसे ठेवता येतात का? अॅटर्नी जनरलचं लेखी मत पहिल्याच महिन्यात मागून घ्या. अँटिग्वाने पर्यावरण कायद्याच्या आधाराने स्वतंत्र निधी उभारला आणि मग पुढची पावलं टाकली. विकास बँकेला कर्जवाटपाची सवय असते. अनुदान आणि लोकसहभागाची कामं मात्र तिला नव्याने शिकावी लागतात.

आधी लहान पायरी

अॅडॅप्टेशन फंड, म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या कामांना पैसा देणारा वेगळा आंतरराष्ट्रीय निधी, हा थेट निधीचा जुना मार्ग आहे. 2010 सालीच सेनेगल आणि जमैकाच्या राष्ट्रीय संस्थांना त्याची मान्यता मिळाली होती. एका देशाला मिळणाऱ्या रकमेची मर्यादा आधी 1 कोटी डॉलर होती, 2021 साली ती 2 कोटी झाली. लहान संस्थांसाठी त्याची सुटसुटीत प्रक्रियाही आहे. कुक आयलंड्सच्या मंत्रालयाने 2016 साली आधी ही मान्यता घेतली, मग सुमारे 30 लाख डॉलरचा दूरच्या बेटांचा प्रकल्प मिळवला आणि 2018 साली ग्रीन क्लायमेट फंडाची मान्यता मिळवली. हा क्रम डोळ्यासमोर ठेवा. एका फंडाने तपासलेल्या बाबी दुसरा फंड मुळापासून तपासत बसत नाही, आणि हातात पूर्वानुभवाचा पुरावा येतो.

ग्रीन क्लायमेट फंडाची मान्यता रकमेच्या मर्यादेसह येते. प्रकल्पाचा एकूण खर्च 1 कोटी डॉलरपर्यंत असेल तर तो सूक्ष्म, 5 कोटींपर्यंत लहान, 25 कोटींपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठा. मंत्र्यांना मोठी मर्यादा हवी असते. पण ज्या संस्थेने आजवर तीस लाखांचंच काम सांभाळलं आहे तिने पाच कोटींची मर्यादा मागितली, तर तपासणारे पाच कोटींच्या कामांचे दाखले मागतात आणि अर्ज तिथेच अडकतो. सूक्ष्म वर्गात मान्यता घ्या, एक प्रकल्प नीट पार पाडा आणि मग वर्ग वाढवून मागा.

तपासणी कशी होते

तपासणाऱ्यांना धोरण आणि त्याच्या अंमलबजावणीचा पुरावा, दोन्ही लागतात. सर्वाधिक अर्ज इथेच रखडतात. सल्लागार चाळीस पानांची खरेदी नियमावली लिहून देतो, मंत्रिमंडळ ती मंजूर करतं आणि सगळ्यांना वाटतं की झालं. मग प्रश्न येतो: या नियमावलीप्रमाणे झालेल्या खरेदीच्या फायली दाखवा.

समजा, पावसाच्या पाण्याच्या टाक्या खरेदी केल्या आहेत. त्या फायलीत मागणीची टिपणी, अंदाजपत्रक, निविदेची प्रसिद्धी, निविदा उघडल्याची सह्यांसह नोंद, दरांचा तुलनात्मक तक्ता, मंजुरी, खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती, बिल, पेमेंट व्हाउचर आणि बँकेची नोंद हे सगळं तारखेच्या क्रमाने असायला हवं. खरेदी आदेशाची तारीख मंजुरीच्या आधीची निघाली, तर ते तपासणाऱ्याच्या पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं. म्हणून अर्ज भरण्याआधी गेल्या दोन-तीन वर्षांतल्या दहा-बारा फायली स्वतः उघडून पाहा. त्रुटी सापडली तर मागची तारीख घालून कागद तयार करायचा नाही. त्रुटी लिहून ठेवा, ती कशी सुधारली त्याचा आदेश जोडा, आणि नंतरच्या फायली स्वच्छ आहेत हे दाखवा. ते मान्य होतं. बनावट कागद सापडला तर अर्ज तर जातोच, वर देशाचं नाव खराब होतं.

बेटांवरच्या दोन अडचणी मोठ्या देशातून आलेल्या माणसाच्या ध्यानात लवकर येत नाहीत. एक, नियम तीन दरपत्रकांचा असतो आणि बेटावर टाक्या विकणारं दुकान एकच असतं. अशा वेळी एकाच पुरवठादाराकडून खरेदी करण्याची वेगळी तरतूद नियमात हवी, आणि प्रत्येक वेळी फायलीत बाजार चौकशीची टिपणी हवी: ऑकलंड किंवा सुवाहून माल आणला असता तर जहाजभाड्यासह किंमत किती पडली असती, किती दिवस लागले असते, कोणी चौकशी केली, कोणी मंजूर केलं.

दुसरी अडचण माणसांची. मागणी, मंजुरी, माल ताब्यात घेणं आणि पैसे देणं ही चार कामं चार वेगळ्या हातांत असावीत असा नियम आहे, आणि विभागात एकूण माणसंच पाच असतात. त्यातला एक रजेवर गेला की नियम मोडतो. यावर उपाय आहेत. देयकं केंद्रीय अर्थ मंत्रालयातून करायची, माल ताब्यात घेण्याचं काम बेटाच्या स्थानिक परिषदेकडे द्यायचं, अंतर्गत लेखापरीक्षण बाहेरच्या फर्मला करारावर द्यायचं आणि लेखापरीक्षण समितीत सरकारबाहेरचे सदस्य घ्यायचे. वार्षिक लेख्यांचं परीक्षण मागे पडलं असेल तर तो अनुशेष आधी संपवा. त्याशिवाय पुढचं काहीही हलत नाही.

लिंगभाव धोरण, पर्यावरणीय व सामाजिक सुरक्षा, तक्रार निवारण, गैरव्यवहार कळवणाऱ्याला संरक्षण, मनी लाँडरिंगला प्रतिबंध, यांनाही हेच लागू पडतं. तक्रारींची नोंदवही कोरी असेल तर व्यवस्था उत्तम चालली आहे असं कोणी मानत नाही. लोकांना तक्रार कुठे करायची हेच माहीत नाही, असा अर्थ लावला जातो.

मान्यतेला पूर्वी वर्षानुवर्षं लागत. जुलै 2025 मध्ये पोर्ट मोर्सबीच्या बैठकीत ग्रीन क्लायमेट फंडाच्या संचालक मंडळाने मान्यतेची चौकट बदलून हा काळ कमी करायचं ठरवलं. प्रक्रिया आखडली तरी फायली तुमच्याच असतात, त्या आधी नीट लावा.

प्रस्तावातला सगळ्यात अवघड भाग

अडचण 'हवामान बदलामुळेच' आली आहे हे सिद्ध करताना भलेभले अडखळतात. प्रवाळ बेटावरची विहीर घ्या. तिथलं गोडं पाणी प्रवाळाच्या वाळूत साठतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पुस्तकी हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल तर खाली 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असायला हवं. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने पाणी मिसळतं, खालची चुनखडी सच्छिद्र असते, आणि थर बराच पातळ राहतो. आता ही विहीर खारी झाली. ती दुष्काळाने झाली, उधाणाच्या लाटा बेटावरून गेल्यामुळे झाली, की पंप जास्त चालवल्यामुळे? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि तिसऱ्या कारणासाठी हवामान निधी मागता येत नाही.

दुष्काळाचंही एकच चित्र नाही. मार्शल आयलंड्सला एल निनोत कोरड पडते, 2016 साली तिथे दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली होती. तुवालूला ला निनोत पडते, तिथली आणीबाणी 2011 सालची. एका देशाच्या प्रस्तावातला परिच्छेद दुसऱ्याच्या प्रस्तावात उचलून टाकला की अशा ठिकाणी तो उघडा पडतो. समुद्रपातळीसाठी ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याने 1990 च्या दशकापासून पॅसिफिक बेटांवर ठेवलेल्या भरतीमापकांच्या नोंदी वापरा. पावसाच्या जुन्या नोंदी स्थानिक हवामान कार्यालयात कागदावरच असतात, त्या संगणकावर चढवायला एक माणूस आणि काही आठवडे राखून ठेवा.

मग खर्चाची वाटणी करा. हवामान बदल नसता तरी जी पाइपलाइन लागलीच असती तिचा खर्च सरकारचा किंवा दुसऱ्या दात्याचा. टाकीची वाढीव क्षमता, उंचावलेला पाया, खाऱ्या वाऱ्याला टिकणारं साहित्य, हा फंडाचा वाटा. हा तक्ता पहिल्या संकल्पना टिपणातच द्या. कमी जोखमीचा प्रकल्प असेल आणि फंडाचा वाटा 2.5 कोटी डॉलरच्या आत असेल, तर सोपी मंजुरी प्रक्रिया वापरता येते. फिजी विकास बँकेचा ओवालाऊ बेटावरचा शेती आणि सौरऊर्जा एकत्र आणणारा प्रकल्प 2020 साली याच प्रक्रियेतून मंजूर झाला. फंडाशी व्यवहारासाठी देशाने नेमलेल्या सरकारी कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतंच. निवडणुकीच्या काळात ते महिनोन्‌महिने अडकतं, म्हणून वेळापत्रक बनवताना निवडणुकीची तारीख आधी पाहा.

मोठा प्रकल्प एकसंध आणण्याऐवजी निर्णयच देशात घेण्याची सोयही आहे. अँटिग्वाच्या पर्यावरण विभागाने 2018 साली डॉमिनिका आणि ग्रेनडासह 2 कोटी डॉलरचा असा प्रकल्प मंजूर करून घेतला. त्यात सरकारी कामं, घरं आणि व्यवसाय मजबूत करण्यासाठी कर्जं आणि स्थानिक संस्थांना अनुदानं असे भाग आहेत. कोणत्या गटाला किती द्यायचं हे सोंगडोत ठरत नाही. थेट निधीचा खरा अर्थ आम्हाला इथे दिसतो.

मंजुरीनंतर

मंजुरीची बातमी आली की मंत्रालयात टाळ्या पडतात, आणि पहिला हप्ता यायला आणखी बराच काळ जातो. कायदेशीर मत, स्वतंत्र खातं, प्रकल्प कक्षातल्या नेमणुका, कार्यपद्धतीची पुस्तिका या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. नेमणुकांच्या जाहिराती मंजुरीची वाट न पाहता तयार ठेवा.

चलनाकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. निधी अमेरिकी डॉलरमध्ये येतो. मायक्रोनेशिया, पलाऊ आणि मार्शल आयलंड्समध्ये तोच डॉलर चालतो. तुवालू आणि किरिबातीत ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, कुक आयलंड्समध्ये न्यूझीलंडचा. पाच वर्षांत दर दहा टक्के फिरला तर शेवटच्या बेटावरच्या टाक्याच अंदाजपत्रकातून गळतात. त्यासाठी आकस्मिक खर्चाची तरतूद ठेवा आणि दूरची बेटं शेवटच्या वर्षासाठी ठेवू नका. कुक आयलंड्समधलं पेनरिन बेट रारोटोंगा या मुख्य बेटापासून हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. जहाजाची फेरी चुकली की महिने जातात.

शिरकाव कुठून करायचा

राष्ट्रकुल संघटनेचं हवामान वित्त केंद्र मॉरिशसमध्ये आहे आणि ते सदस्य देशांच्या मंत्रालयांत सल्लागार बसवतं. भारत राष्ट्रकुलात असल्याने त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सामोआतलं पॅसिफिक प्रादेशिक पर्यावरण कार्यक्रमाचं सचिवालय आणि बेलीझमधलं कॅरिबियन हवामान केंद्र या स्वतः मान्यताप्राप्त प्रादेशिक संस्था आहेत. ज्या देशाला स्वतःची मान्यता झेपणारी नाही, त्याच्यासाठी हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो. प्रकल्प तयार करण्यासाठी ग्रीन क्लायमेट फंड 15 लाख डॉलरपर्यंत वेगळी मदत देतो आणि तयारीचा स्वतंत्र निधीही आहे. त्यातून निघणारी लहान कामं नवख्यासाठी चांगली: खरेदी नियमावलीची तपासणी, नोंदींचं संकलन, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण.

अर्ज करण्याआधी मंजूर प्रस्ताव वाचा. ते फंडाच्या संकेतस्थळावर पूर्ण उपलब्ध असतात, सोबत स्वतंत्र तांत्रिक समितीचं परीक्षणही असतं. आधी परीक्षण वाचा, मग प्रस्ताव. समितीने कुठे बोट ठेवलं आणि संस्थेने काय उत्तर दिलं हे अशा पाच-सहा प्रकल्पांचं वाचलं, की मुलाखतीत काय विचारतील याचा अंदाज येतो. नेमणूक झाल्यावर पहिल्या आठवड्यात मंत्रालयाच्या सचिवांऐवजी देयकं काढणाऱ्या लेखाधिकाऱ्याकडे जाऊन बसा. कोणती फाइल कुठे अडते हे तिथे कळतं.