झोपेची गोळी सोडताना

अनेक महिने झोपेची गोळी घेणाऱ्या माणसाने एखाद्या रात्री ती टाळून पाहिली की बहुधा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि गोळीशिवाय आपल्याला झोप येणारच नाही, असे तो सकाळी ठरवून मोकळा होतो. एका रात्रीवरून हे ठरवणे घाईचे आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारखी बेन्झोडायझेपिन औषधे आणि झोल्पिडेम मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचा परिणाम वाढवतात. रोजच्या वापराने मेंदू त्यांना सरावतो आणि औषध अचानक थांबले की काही रात्री झोप मूळ तक्रारीपेक्षाही अधिक बिघडते. झोल्पिडेमसारख्या, रक्तातील प्रमाण दोन-तीन तासांतच निम्म्यावर येणाऱ्या औषधांबाबत हा उलटा फटका लवकर जाणवतो, तर डायझेपाम शरीरात कित्येक दिवस रेंगाळत असल्याने त्याचा त्रास उशिरा सुरू होऊ शकतो.

म्हणून गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. बेन्झोडायझेपिन दीर्घकाळ घेतले असेल तर अचानक थांबवल्याने फिटचे झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. औषधाचे नाव, मात्रा, किती काळ घेतले आणि मद्यपान होते का, हे सारे डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावे. मात्रा साधारणपणे दर 2 ते 4 आठवड्यांनी 5 ते 10 टक्क्यांनी उतरवतात; एखादी पायरी जड गेली तर पुढची लांबवतात. शेवटच्या पायऱ्या अनेकांना सर्वांत कठीण जातात, तेव्हा तिथे घाई करू नये. औषध हळूहळू सुटावे अशा रीतीने बनवलेली गोळी मात्र तोडू नये, आणि कमी केलेल्या मात्रेची भरपाई मद्याने तर कधीच करू नये.

मात्रा उतरवतानाच निद्रानाशासाठीची वर्तन-उपचारपद्धती, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलण्याचा उपचार, सुरू केलेली बरी. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर हाच पहिला उपचार म्हणून सुचवला आहे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठावे, पेंग आल्यावरच अंथरुणावर जावे आणि झोप लागत नाही असे वाटल्यास उठून मंद उजेडात शांत बसावे. घड्याळ पाहू नये. ‘आता चारच तास उरले’ हा हिशेबच माणसाला जागे ठेवतो. दिवसा पेंग येत असेल तर वाहन चालवू नये. झटका आला, भास होऊ लागले किंवा जीव द्यावासा वाटू लागला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.