आजार बरा होणार नाही, हे कळल्यानंतर

असाध्य आजाराचे निदान झाले की आपल्याकडच्या बहुतेक घरांत पहिली धडपड होते ती रुग्णाला काही कळू न देण्याची. त्यामागे मायाच असते. पण ज्याला काहीच माहीत नाही, त्याला कोणते काम आधी उरकावे हेही ठरवता येत नाही. म्हणून रुग्णाने एका जवळच्या माणसाला सोबत घेऊन, यापुढचे उपचार आयुष्य वाढवण्यासाठी आहेत की त्रास कमी करण्यासाठी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

त्यानंतर आधी वेदनेचा बंदोबस्त करावा. रात्रभर कळा सोसणाऱ्या माणसाला कृतज्ञतेचा उपदेश करणे मला निर्दयपणाचे वाटते. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच मॉर्फिनची शिफारस केली आहे. त्याच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, त्यामुळे ती दुखणे उसळण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेवरच घ्यावी. तिने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत रेचकही मागून घ्यावे. गावातल्या औषध दुकानात ही गोळी मिळेलच असे नाही; तेव्हा जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चौकशी करावी.

मृत्युपत्र हातपाय चालते आहेत तोवरच करावे. त्याला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी.

दुखणे आवरले की दिवसातले काही तास बरे जातात. ते कोणते, हे आठवडाभर वहीत टिपावे आणि त्या तासांत एकच काम धरावे. शेतापर्यंत चालणे होत नसेल तर ओसरीवर पडल्या पडल्या मुलाला सांगता येते, की बांधावरून शेजाऱ्याशी काय ठरले आहे, विहिरीवरच्या मोटारीत कोणाचा किती वाटा आहे आणि हातउसने कोणाकडे राहिले आहे. सातबाऱ्यावर यातले फारसे काही सापडत नाही. येसराचे, म्हणजे आमटीत घालायच्या भाजून दळलेल्या मसाल्याचे, प्रमाण विचारल्यावर ‘अंदाजाने घालते’ म्हणणाऱ्या आजीला धने, बाजरी, हरभऱ्याची डाळ तिच्याच हाताने वाटीत ओतायला सांगावे; सुनेने ती वाटी मोजून लिहून घ्यावी. वेळ अमावस्येच्या सणाला शेतात जेवायला जाणे झेपेल की नाही अशी शंका असेल, तर तिथीची वाट पाहू नये. आधीच एखाद्या दिवशी भज्जी आणि आंबील करून माणसे बोलवावीत.

आभार मानायचे तर नाव घेऊन आणि प्रसंग सांगून मानावेत. ‘सगळ्यांचे उपकार आहेत’ हे वाक्य कोणालाच भिडत नाही. ‘१९९३ च्या भूकंपानंतर आमची लेकरे तुझ्या घरी जेवली’ हे मात्र ऐकणाऱ्याला पुरते कळते. समोर बोलवत नसेल, तर नातवाकडून मोबाइलमध्ये आवाज नोंदवून घ्यावा. ज्या दिवशी चीड येईल त्या दिवशी आभार बाजूला ठेवावेत. देवावरही रागावता येते.

उशाशी बसणाऱ्या माणसाचे आभार शब्दांनी मानून भागत नाही. बहुधा ती बायको किंवा सून असते, आणि तिची झोप महिनोन्महिने मोडलेली असते. रुग्णाने स्वतःच भावाला किंवा लेकीला सांगून आठवड्यातली एक दुपार आणि एक रात्र तिच्यासाठी मोकळी करून घ्यावी, आणि गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवाव्यात, म्हणजे बदली माणसाला तिला झोपेतून उठवून विचारावे लागणार नाही.