जुन्या वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ च दोनदा असतात, घाबरू नका

भाऊ, १९७० च्या दशकातला वीस बाजूंचा फासा हाती लागला अन् त्यावर ११ ते २० दिसतच नाही, म्हणून डुप्लिकेट समजून परत करू नका, तेव्हा तसेच यायचे. सीताबर्डीवरून मेणाचे दोन रंगाचे खडू आणा, एका ० ते ९ वर लाल घासा, दुसऱ्यावर काळा, वरचं मेण कापडानं पुसून टाका, खाचेतलं राहते. लाल आला की दहा मिळवायचे, लाल ३ म्हणजे १३, काळा शून्य १०, लाल शून्य २०. शंभरी, म्हणजे १ ते १०० मधला आकडा, फेकायची असली की रंग विसरा, दोनदा टाका, पहिला आकडा दशकाचा, दुसरा एककाचा. १९७५ च्या एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन या रोल-प्लेइंग खेळामध्ये शंभरी लय लागते. फक्त मे महिन्यात गाडीत ठेवू नका, आपल्या नागपूरच्या उन्हात मेण वितळून माझी पिशवीच लाल झाली होती बे.